चूलबंद आवतान

गुणमाला मगदूम यांनी आपल्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडवर ‘येथे मोफत जेवण मिळेल’ असा बोर्ड लावला त्या दिवशी पन्नास माणसांचा भात शिजला होता आणि जेवायला तिघं आले. दोन कुत्री आणि एक विमा एजंट. एजंटसुद्धा जेवायला आला नव्हता. एवढ्या भातासमोर पॉलिसीचा विषय काढणं त्याला बरं वाटेना, म्हणून बसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. कुत्री आली.

तांबूळवाडी कराडहून सांगलीला जाताना लागते, डोळा लागला नसेल तर. चारी बाजूंनी ऊस आणि घराघरात भिंतीवर एक तरी फोटो फौजी टोपीतला. गावात कुणी उपाशी नाही, असं गावाचं ठाम मत आहे. जे उपाशी असतात त्यांचंही तेच मत असतं.

गुणमालाबाईंना सगळा गाव अक्का म्हणतो. अक्कांना मात्र वेगळंच दिसत होतं. पोरं पलटणीत नाहीतर पुण्यात, सुना नातवंडांच्या शाळेपायी शहरात, आणि मागं उरलेली म्हातारी माणसं. धान्य भरलेलं, गॅस भरलेला. शिजवणारे हात तेवढे थकलेले. दोन वेळा चहा-खारी खाऊन ही माणसं ‘झालं जेवण’ म्हणत आणि पुरावा म्हणून ढेकर देऊन दाखवत. अक्कांनी मग ‘शेजारपंगत’ नावाची संस्था काढली. रीतसर नोंदणी, सात विश्वस्त. त्यातले पाच सह्या करत आणि दोघं काम. काम करणारे दोघं म्हणजे अक्का स्वतः आणि आकाराम.

आकाराम फौजेत बावीस वर्षं लांगरी होता, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. बर्फात आणि वाळवंटात त्यानं भात शिजवला. हार खाल्ली ती अक्कांच्या शेडात. अक्का पडल्या जैन. शेडात कांदा, लसूण, बटाटा बंद. “अक्का, ह्याच्यापरीस गोळीबार बरा,” असं तो दिवसातून एकदा म्हणे आणि आमटीत हिंग टाके.

तिसऱ्या दिवशी, कुत्र्यांना वाढून झाल्यावर, तो म्हणाला, “अक्का, बोर्ड काढा.”

“का रं? अक्षर वाईट हाय?”

“अक्षर ब्येस हाय. पर ‘मोफत’ दिसलं की माणूस मान वळवून चाललंय. आपल्या गावात कोण बोर्ड वाचून जेवाय गेलंय कवा? आवतान द्या.”

आवतान म्हणजे जेवायचं बोलावणं, आणि आमच्याकडं त्यात प्रतवारी आहे. ‘उंबऱ्याला एक’ म्हणजे घरटी एकानं यावं. त्यात मान थोडा कमी आणि कुणी जायचं यावर घरात भांडण जास्त. सगळ्यात मोठा मान म्हणजे ‘चूलबंद’. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. आज्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. चूलबंद आवतान नाकारलं तर ती पिढ्यान्‌पिढ्यांची अढी होते.

चौथ्या दिवशी आकाराम गल्लीगल्लीतून ओरडत गेला, “चूलबंद आवतान हाय वोऽऽ! मगदुमांच्या शेडात!”

म्हाताऱ्या बनुबाईनं दारातनं विचारलं, “कशाचं रं?”

आवतानाला कारण लागतं, हे आकारामच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो म्हणाला, “अक्कांची म्हस व्याली.”

म्हैस चार वर्षांपूर्वी व्याली होती. पण कारण भक्कम होतं, आणि त्या दुपारी एकसष्ट घरं जेवायला आली. तेव्हापासून रोज आवतान आणि रोज नवं कारण. कधी पलटणीचा स्थापनादिन, कधी विहिरीला पाणी लागलं, कधी कुणाचा मोतीबिंदू निघाला. म्हैस त्या वर्षात अकरा वेळा व्याली. कुणी हिशेब विचारला नाही. माणसं हातपाय धुऊन, धुतलेलं नेसून येत आणि रिकाम्या हातानं कुणीच येत नसे. आवतानाला कोण रिकाम्या हातानं जातो? एकजण सरपण आणी, एकजण परसातला कढीपत्ता, कुणी शेंगदाणे, कुणी भोपळा. भोपळे तर इतके येत की आकारामला भोपळ्याची स्वप्नं पडत.

बनुबाई पंचाहत्तरीची. नवरा गेलेला. मुलगा हंबीरराव सुभेदार, देशाच्या दुसऱ्या टोकाला, सून-नातवंडं पुण्यात. दोन वर्षांपासून तिचे हात थरथरतात. गेल्या उन्हाळ्यात उकळत्या भाताचं पातेलं हातातून सुटलं आणि डावं पाऊल भाजलं. डॉक्टरांनी चुलीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. म्हणजे दिवसभरात तिच्या पोटात शिजलेलं अन्न जाई ते शेडातलं, एवढंच. हे अक्कांना माहीत होतं, आकारामला माहीत होतं, बनुबाईला माहीत होतं आणि तिघंही ते एकमेकांना माहीत नाही असं वागत. बनुबाई रोज शेवटी यायची, म्हणायची, “आवतान आलं म्हनून आले हो, न्हाईतर घरी आमटी उतू चाललीया.”

दोन वर्षं सगळं नीट चाललं होतं. म्हणून लालासाहेबांचं लक्ष गेलं.

लालासाहेब माजी सरपंच. ‘माजी’ हा शब्द ते मानत नाहीत. ते एका सकाळी ऋषिराज नावाच्या साहेबाला घेऊन शेडात आले. ऋषिराज शिरवळकडच्या कुठल्याशा ‘उन्नयन फाउंडेशन’चा अधिकारी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चेहऱ्यावर कळवळा. फाउंडेशन शेजारपंगतीला वाफेवर भात शिजवायचं मोठं यंत्र देणार होतं. अक्कांना यंत्र हवं होतं. आकारामची कंबर धरू लागली होती. त्या म्हणाल्या, “द्या की.”

“फक्त थोडी माहिती लागेल, मॅडम. फॉरमॅलिटी.”

माहिती द्यायला आकाराम पुढं झाला, कारण अक्का ताकाच्या भांड्यात हात घालून बसल्या होत्या. टॅबवर रकाना होता: ‘लाभार्थी कुटुंबांची सद्यस्थिती’. ऋषिराजनं तो सोपा करून विचारला.

“मामा, रोज किती कुटुंबं?”

“एकसष्ट.”

“आणि ती सगळी कशी आहेत?”

“कशी म्हंजे?” आकारामनं छाती काढली. “एकसष्टच्या एकसष्ट चूलबंद!”

ऋषिराजचा हात थांबला. “सगळी?”

“आरं मग! हितं उंबऱ्याला एक असलं भिकारपण न्हाई. चूलबंद म्हंजे चूलबंद. रोज!”

ऋषिराज पुण्यात वाढलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं रकान्यात लिहिलं: ‘चूल बंद’. एक शब्द त्यानं दोन करून लिहिला, मधे बोटभर जागा सोडली, आणि त्या बोटभर जागेत आवतानाची उपासमार झाली.

तेवढ्यात बनुबाई आली. तिच्या माहेरी, कोरेगावाकडं, वाघ्या घेवडा, म्हणजे आमच्याकडचा राजमा, पिकतो. भाऊ दरवर्षी पाठवतो. त्यातला दोन शेर तिनं पदरात बांधून आणला होता. अक्का परात घेऊन पुढं झाल्या, बनुबाईनं थरथरत्या हातांनी पदर सोडून पसरला आणि घेवडा परातीत ओतला. ऋषिराजनं फोटो काढला. बनुबाईला बरं वाटलं. तिला वाटलं, घेवड्याचा काढला.

पुढच्या सोमवारी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. पंधरा फूट बाय वीस फूट. वरच्या अर्ध्या भागात लालासाहेब, गॉगल लावून, हात जोडून. खाली मजकूर: ‘तांबूळवाडीतील चूल बंद असलेल्या ६१ उपाशी कुटुंबांना मायेचा घास! शुक्रवारी भव्य यंत्र लोकार्पण.’ त्याखाली ‘लाभार्थ्यांची यादी’, एकसष्ट नावं, आडनावासकट. आणि मधोमध बनुबाई. फोटोतला घेवडा कापून टाकला होता, कारण तो मजकुराच्या आड येत होता. राहिली ती अक्कांच्या हातातली परात, आणि तिच्यापुढं पदर पसरून उभी असलेली बनुबाई.

पदर पसरणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ऋषिराजला लागलं असतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

पहिला तासभर गाव नुसता फोटोच बघत होतं. मग यादी वाचायला गर्दी झाली आणि ज्याचं त्याचं नाव ज्याला त्याला सापडू लागलं. सतराव्या क्रमांकावर बाळासो होता. बारा एकर उसाचा मालक. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली म्हणून महिनाभर शेडात जेवत होता. त्यानं ट्रॅक्टर काढला आणि फ्लेक्सभोवती तीन फेऱ्या मारल्या, हॉर्न न सोडता. त्यापलीकडं काय करावं हे त्याला सुचेना. बत्तिसावा क्रमांक होता एका निवृत्त हवालदाराचा. तो पदकं लावून स्टँडवर आला आणि आपल्या नावाखाली सावधान उभा राहिला. संध्याकाळपर्यंत हलला नाही.

गावाचा आजी-माजी सैनिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फोटो दुपारीच देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचला आणि बनुबाईचा फोन वाजला. हात कापतात म्हणून ती फोन स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवते, त्यामुळं पुढचं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं.

“आई, मी मेलोय का?”

“न्हाई रं बाबा.”

“मग पदर कुणापुढं पसरलास? हितं सगळी पलटण बघतीया!”

“चार म्हैन्यांनी फोन केलास गड्या. तू जित्ता हाईस ह्ये कळाय मला यादीतच नाव घालाय लागलं म्हनायचं.”

आणि तिनं फोनवर उपडं ताट झाकलं. फोन ताटाखाली बराच वेळ बोलत होता.

अक्कांच्या घरात मुंगी दिसली तर माणूस वाट बदलतो. त्या दिवशी अक्कांनी खुर्ची उचलून आपटली. मग ती तपासली, कुठं तुटली नाही याचं वाईट वाटलं, आणि ऋषिराजला फोन लावला.

“साहेब, फ्लेक्स उतरवा.”

“मॅडम, प्रोग्रॅम होईपर्यंत नाही उतरवता येणार. इम्पॅक्ट दिसायला पाहिजे ना.”

“बनुमावशी देत हुत्या. तुमी घेताना दाखवलं.”

“मॅडम, देणाऱ्यांचा फोटो आमच्याकडं ऑलरेडी आहे. आम्हाला घेणाऱ्यांचा लागतो.”

“हितं घेणारं कोण न्हाई.”

ऋषिराज समजुतीनं हसला. “मग तुम्ही दोन वर्षं जेवायला कुणाला घालताय?”

अक्कांनी फोन ठेवला. त्या लालासाहेबांकडं गेल्या. यंत्र नको म्हणाल्या. लालासाहेब म्हणाले, “यंत्र निघालं की वो शिरवळहून. आता वाटेत गाडीला कसं सांगायचं? आणि नावं तर खरी हायत न्हवं? आमी एक बी खोटं नाव घातलं न्हाई.” हे ते अभिमानानं म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीत अशी यादी पहिलीच होती.

मंगळवारी आकाराम नेहमीसारखा ओरडत गेला. एक दार उघडलं नाही. उलट अकराच्या सुमाराला गावातून धूर निघू लागला. चूल बंद म्हणता काय? घ्या! एकसष्ट घरांनी चुली पेटवल्या. ज्यांच्या घरी वीस वर्षं गॅस होता त्यांनी परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यातून जुन्या चुली ओढून काढल्या. कुंभाराच्या दोन वर्षं पडून असलेल्या मातीच्या चुली तासाभरात संपल्या. ओली बाभूळ, उसाचं पाचट, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते घातलं. धूर जास्त निघाला पाहिजे एवढीच अट. कुणीतरी लांबून बघून आगीचा बंब बोलावला. बंबवाल्यांनी विचारलं, “आग कुठं हाय?” निवृत्त हवालदार म्हणाला, “पोटात.”

त्या दिवशी शेडात शंभर माणसांचा भात होता आणि जेवायला दोन कुत्री. जुनीच.

बाकीच्यांचं निभावलं. बाळासोनं लेकीला बाळंतपणासकट घरी आणलं. काही म्हातारे जोडीजोडीनं शिजवू लागले. राग हे चांगलं सरपण आहे. त्यावर दोन दिवस कसाही स्वयंपाक होतो. प्रश्न बनुबाईचा होता. तिच्या परसातून सगळ्यांपेक्षा जास्त धूर निघत होता, रोज, अकराच्या ठोक्याला. शेजारणीनं भाकरी नेली तर ती परत पाठवली. “माझं झालं,” आणि ढेकर.

गुरुवारी अक्का तिच्या परसात जाऊन उभ्या राहिल्या. चुलीवर पातेलं रटरटत होतं. बनुबाई हातभर लांब, भाजलेला पाय पोटाशी घेऊन बसली होती. अक्कांनी झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं.

“मावशी, ह्ये काय?”

“आमटी.”

“ह्यात डाळ न्हाई.”

“आमच्यात डाळ शेवटी टाकत्यात.”

“तीन दिवस झाले मावशी. पोटात काय हाय तुमच्या?”

“तुमाला काय करायचं? अजून एक फोटो काढायचाय?”

अक्का खाली बसल्या. त्यांना वाटलं, ही बाई आता एका आठवड्यात जाईल, आणि आपल्या अन्नछत्रामुळं जाईल. लोक अन्नाविना मरतात हे त्यांनी ऐकलं होतं. अन्नदानानं मरणारं माणूस त्या पहिल्यांदा बघत होत्या.

“बरं, मला तरी वाढा,” त्या म्हणाल्या.

“तुमी यादीत न्हाई,” बनुबाई म्हणाली. “लाभार्थी न्हाई त्याला कसं वाढू?”

अक्का उठून आल्या. शेडात येऊन आकारामला सगळं सांगितलं आणि वर रागानं विचारलं, “त्या बाबाला ‘चूल बंद’ कुणी सांगितलं पर?”

आकाराम तांदूळ निवडत होता. निवडतच राहिला. मग ताट बाजूला ठेवून म्हणाला, “म्या.”

“काय?”

“म्या सांगितलं. चूलबंद म्हनून. मानाचं म्हनून सांगितलं वो अक्का. त्यानं...” आणि बावीस वर्षं बर्फात भात शिजवलेला तो माणूस उठला आणि टोपी न घालताच बनुबाईच्या घरी गेला.

तिथं काय झालं ते आकारामनंच नंतर सांगितलं. बनुबाईनं त्याची सगळी कथा ऐकून घेतली आणि हातातली फुंकणी त्याला फेकून मारली. हात कापतो म्हणून ती चुकली आणि कोंबडीला लागली.

“मुडद्या! रोज कारण सांगत हुतास की. म्हस व्याली, हीर लागली. त्या दिवशी बी काय तरी सांगायचं हुतंस!”

“चुकलं, काकू.”

“चुकलं म्हनून माझा पदर गोळा हुतोय का रं? जा, माझा घेवडा परत आण.”

“आवं काकू, घेवडा तवाच शिजला. खाल्ला सगळ्यांनी.”

“ते मला ठावं न्हाई. दोन शेर दिला हुता, दोन शेर परत पायजे. दिला हुता म्हनून परत मागतीया. घेणारं माणूस परत मागतंय व्हय?”

आकारामनं फुंकणी उचलून चुलीजवळ ठेवली.

“उद्याच्याला तितं मोठी मान्सं येणार हाईत न्हवं? मग तितंच मागते.”

शुक्रवारी शेडासमोर मांडव पडला. अक्कांनी नाही म्हटलं होतं, लालासाहेब म्हणाले होते, “शेड तुमचं, पर कार्यक्रम गावाचा.” पाहुण्या म्हणून फाउंडेशनच्या मोठ्या मॅडम आल्या. यंत्राला हार घातला होता. समोर एकसष्ट पाटांची पंगत मांडली होती आणि पाटांवर कुणी नव्हतं. ऋषिराजला पहिल्यांदाच घाम आला. तो म्हणाला, “लाभार्थी कुठं आहेत?”

“बसवतो की,” लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन फिरवला. दहा मिनिटांत मोटरसायकली आल्या. पांढरे कपडे, गॉगल, बोटात अंगठ्या. पाटांवर बसले. उपाशी माणसांच्या अंगावर एवढी इस्त्री महाराष्ट्रानं पूर्वी पाहिली नसेल. एकानं ऋषिराजला विचारलं, “साहेब, तोंड कसं करायचं?”

लालासाहेबांनी माईक घेतला. “आज या भुकेल्या, दीनदुबळ्या...” इथपर्यंत ते आले आणि मांडवाच्या तोंडाशी बनुबाई आली. धुतलेलं इरकली लुगडं नेसून, काठी टेकत, पाय ओढत. तिच्या मागं बाळासो, हवालदार, आणि त्यामागं उरलेली यादी. बनुबाई पंगतीच्या मधून चालत आली. गॉगलवाल्यांनी पाय आवरले.

ती मॅडमसमोर उभी राहिली. “माझा घेवडा द्या.”

मॅडम हसल्या. “आजी, तुम्हाला काय हवंय? आम्ही सगळं देऊ.”

“तुमी कुठनं देता? तुमी घेतलाय का? त्या परातवालीनं घेतलाय.” तिनं काठी अक्कांवर रोखली. “दोन शेर वाघ्या घेवडा. कोरेगावचा. परत पायजे, आत्ताच्या आत्ता.”

“माझा भोपळा,” बाळासो म्हणाला.

“सरपण. दोन गाड्या,” हवालदार.

मग एकदम गलका उठला. माझ्या शेंगा, माझं ताक, माझा कढीपत्ता, माझी चिंच. दोन वर्षांत दिलेलं सगळं गाव परत मागू लागलं. मॅडम ऋषिराजकडं बघत होत्या. ऋषिराज टॅबमध्ये रकाना शोधत होता. लालासाहेब माईकवर “शांतता, शांतता” म्हणत होते, तो माईक अक्कांनी त्यांच्या हातातून ओढून घेतला. अक्का माईकवर यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. त्यामुळं त्या ओरडल्या आणि कर्णाही ओरडला.

“देत न्हाई!”

सगळ्या माना स्टेजकडं वळल्या.

“देत न्हाई घेवडा. खाल्ला म्या. भोपळा खाल्ला, शेंगा खाल्ल्या, ह्या शेडातलं सरपण बी ह्यांचंच. दोन वर्षं ह्या लोकांचं खातीया. बोर्डावर नाव लिवायचं तर माझं लिवा. फोटो बी माझा काढा. ह्यो बघा!” आणि त्यांनी स्टेजवर, सगळ्या मोठ्या माणसांसमोर, आपला पदर पसरला आणि ऋषिराजवर खेकसल्या, “काढ की! आता का हात उचलंना?”

ऋषिराजनं टॅब खाली केला. मोठ्या मॅडम पाणी मागत होत्या.

बनुबाईनं अक्कांच्या पदराकडं पाहिलं. राग गेला नव्हता. तिनं विचारलं, “समदा खाल्ला?”

“समदा.”

“शिजला तरी हुता का नीट?”

“जरा कच्चा लागला,” अक्का म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

“अक्का!” आकाराम मागून म्हणाला.

“लागणारच!” बनुबाई कडाडली. “वाघ्या घेवडा भिजवाय आदल्या दिवशी टाकाय लागतोय. ह्या फौजवाल्याला काय कळतंय? आज काय शिजवलंय? बघू.” ती काठी टेकत थेट चुलीवरच्या हंड्याशी गेली. आकारामनं पळी पुढं केली. तिचा हात कापत होता म्हणून पळी त्यानंच धरली. तिनं नुसतं तोंड लावलं.

“अळणी!” ती मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. “मीठ न्हाई. चिंच न्हाई. ह्ये खायाला लोकं बोलावता व्हय रं?”

“एका घोटात काय कळतंय, काकू?” आकाराम म्हणाला.

“कळत न्हाई? आण ताट. आण. भातासंगं दावते तुला किती अळणी हाय.”

गॉगलवाला एक पाटावरून उठला. बनुबाई तिथं बसली. आकारामनं वाढलं. ती खाऊ लागली. प्रत्येक घासाला ती काहीतरी म्हणत होती: भात गचका झालाय, हिंग जास्त झालंय, अक्कांच्या बापानं कधी आमटी खाल्ली होती का. सांडत होतं, कापऱ्या हातानं ती गोळा करत होती आणि खात होती. मोठ्या मॅडमची गाडी निघून गेली, लालासाहेबांची मोटरसायकल पलटण त्यांच्या मागं गेली, आणि बनुबाई आमटीचा दोष सिद्ध करण्यासाठी तिसऱ्यांदा भात मागत होती. तिच्या शेजारी हवालदार बसला. मग बाळासो. तेही अळणी म्हणाले.

अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. कुणीही त्यांच्याशी बोललं नाही, आणि त्यांना ते चाललं.

वाफेचं यंत्र सध्या लालासाहेबांच्या मंगल कार्यालयात आहे. भात चांगला होतो म्हणतात. फाउंडेशनच्या अहवालात ‘लाभार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग’ असा उल्लेख आला. फ्लेक्स बाळासोनं रात्रीत नव्हे, भरदुपारी उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर उलटा टाकला. हंबीरराव सुट्टीवर येऊन गेला. आईनं त्याला शेडात जेवायला नेलं आणि सगळ्यांदेखत भांडी घासायला लावली.

बनुबाईनं अक्कांना माफ केलेलं नाही. ती रोज येते, अक्कांकडं पाठ करून बसते आणि आमटीला नावं ठेवत जेवते. आकारामचं मत असं, की ही बाई राग आहे तोवर जेवायला येईल. राग विझला की तिला लाज आठवेल आणि ती पुन्हा पाणी उकळत बसेल. त्यामुळं तो रोज हंड्यात मीठ टाकतो ते बेतानं, एक मूठ कमी. बाकीचे पानात वरून घालून घेतात.

परवा त्याचं लक्ष नव्हतं आणि मीठ बरोबर पडलं. बनुबाईनं पहिला घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. आकाराम पळी हातात धरून उभाच राहिला. अक्का ताक ढवळायच्या थांबल्या.

“आकारामा,” ती म्हणाली.

“काय काकू?”

“आज भात फडफडीत केलायस मुडद्या. घशात टोचतोय.” आणि तिनं ताट पुढं केलं.